गाडी लो केल्यानंतरचं व्हील अलाइनमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनीच्या उंचीपेक्षा २५ ते ४० मिलिमीटर खाली आणलेल्या गाड्यांच्या अलाइनमेंटबद्दल, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याबद्दल, मुंबईतले लोक जे विचारतात, त्याची ही उत्तरं आहेत. पोलो जीटीआय, ऑक्टाव्हिया आरएस, मिनी कूपर एस, आय२० एन लाइन, बीएमडब्ल्यू एम३४०आय अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. सगळे आकडे रोज ऑफिसला जाणाऱ्या आणि शनिवारी-रविवारी घाट चढणाऱ्या गाडीसाठी आहेत. दिसायला बरं म्हणून चाकं आत झुकवायची असतील तर खुशाल झुकवा, टायरचं बिल तुमचंच आहे.

फक्त स्प्रिंग बदलल्या. बाकी कशाला हात लावला नाही. मग अलाइनमेंट का बिघडावं?

चाक सरळ रेषेत वर-खाली जात नाही म्हणून. लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) आतलं टोक सबफ्रेमला (गाडीखालच्या चौकटीला) धरलेलं असतं आणि बाहेरचं टोक कमानीत फिरतं. कंपनीच्या उंचीवर आर्म साधारणपणे बाहेरच्या बाजूला थोडा खाली उतरलेला असतो. गाडी ३० मिलिमीटर खाली बसली की तो आडवा व्हायला लागतो, आडवा होताना त्याचं टोक बाहेर सरकतं आणि चाकाचा तळ सोबत नेतं. स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाचं) डोकं मात्र बॉडीला पक्कं असतं. तळ बाहेर, माथा जागच्या जागी, म्हणजे कॅम्बर उणे बाजूला वाढला (कॅम्बर, टो म्हणजे काय ते पुढच्याच उत्तरात). पुढे अशी रचना, म्हणजे मॅकफर्सन स्ट्रट, असलेल्या बहुतेक गाड्यांत एवढ्या उंचीला अर्धा-पाऊण अंश फरक पडतो.

स्टिअरिंगकडून चाक वळवणारा टाय रॉडही आपल्या कमानीत फिरतो, पण ती कमान लोअर आर्मच्या कमानीशी तंतोतंत जुळत नाही. त्यामुळे टोही हलतो. टो-इनकडे जाईल की टो-आउटकडे, हे स्टिअरिंग रॅक कुठे बसवला आहे आणि रॉडचा उतार किती आहे यावर ठरतं. तेव्हा मित्राच्या गाडीचा अलाइनमेंटचा कागद पाहून आपल्या गाडीचा अंदाज बांधू नका.

कॅम्बर, टो, कॅस्टर: थोडक्यात सांगा.

गाडीसमोर उभं राहून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर किती झुकलंय, तो कॅम्बर. माथा आत असेल तर उणे. वरून पाहिलं तर दोन्ही चाकं पुढून जवळ येतात की फाकतात, तो टो. जवळ येत असतील तर टो-इन. बाजूने पाहिलं तर स्टिअरिंगचा अक्ष मागे किती कललाय, तो कॅस्टर. स्टिअरिंग सोडल्यावर ते स्वतःहून सरळ येतं ते मुख्यतः कॅस्टरमुळे. कोन अंश आणि मिनिटांत मोजतात आणि एका अंशाची ६० मिनिटं होतात. हे लक्षात ठेवा, कारण काही मशीन ०.५० असं दशांशात छापतात आणि काही ०°३०′ असं. दोन्ही एकच आहेत. ०.३० अंश म्हणजे मात्र ०°१८′, आणि या गल्लतीतून भांडणं झालेली आहेत.

टायर आतून खातोय. कॅम्बर जास्त झाला म्हणूनच ना?

बहुतेक वेळा नाही. कॅम्बरचं नाव होतं, काम टोचं असतं.

हिशेब करून पाहा. एका चाकाचा टो सरळपेक्षा ०°१५′ ने चुकला, म्हणजे पाव अंश. गाडी सरळ जात असताना ते चाक स्वतःच्या दिशेच्या थोडं आडवं ओढलं जातं: दर किलोमीटरला सुमारे ४.४ मीटर. पुण्याला जाऊन आलात, साधारण ३०० किलोमीटर, तर ते १.३ किलोमीटर आडवं सरकलं. यातलं काही रबर वाकून सोसतं, बाकीचं रस्त्यावर घासून जातं. आणि पाव अंश डोळ्याला दिसत नाही.

आता यात उणे कॅम्बर मिसळा. वजन आतल्या कडेवर जास्त आहे, म्हणून घासायचं कामही त्याच कडेवर होतं. झीज आत दिसते, म्हणून माणूस कॅम्बरला दोष देतो, कॅम्बर बोल्ट विकत घेतो आणि टो तसाच ठेवतो. टो शून्याजवळ नीट बसवला असेल तर −१°३०′ कॅम्बरवर रस्त्याची गाडी टायर समाधानकारक चालवते. टो चुकला असेल तर −०°३०′ वरही टायर जातो.

ओळखायचं कसं? तळहात टायरवर आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं तर टो. दोन्ही दिशांनी गुळगुळीत, पण आतली कड सरळ उतरती झिजलेली, तर कॅम्बर. मोबाइलचा टॉर्च लावून चाकाच्या आतल्या बाजूने पाहत जा. लो केलेल्या गाडीची बाहेरची कड नवी कोरी दिसत असताना आतून तारा निघालेल्या असू शकतात.

मशीनवर सगळं हिरवं आलं, तरी टायर खातोच आहे. हे कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

पडद्यावरचा हिरवा रंग म्हणजे मशीनमध्ये भरलेल्या कंपनीच्या आकड्यांच्या मर्यादेत तुमची गाडी आहे. ते आकडे कंपनीच्या उंचीचे असतात. समजा मागच्या एकूण टोची मर्यादा ०°१०′, अधिक-उणे १०′ अशी आहे. मग ०°००′ पण हिरवं आणि ०°२०′ पण हिरवं. डावं चाक ०°१२′ आणि उजवं −०°०२′ असलं तरी एकूण बेरीज हिरवीच. गाडी मात्र किंचित तिरकी चालेल, आणि तुम्ही स्टिअरिंग थोडं वाकडं धरून ती सरळ न्याल.

उलटही घडतं. लो केलेल्या गाडीचा कॅम्बर −१°३५′ आला की लाल दिसतो, आणि ऑपरेटर तो हिरवा करायच्या मागे लागतो. त्या लालने काही बिघडत नाही. दोन्ही बाजूंना सारखा आहे का, एवढं पाहा.

आणखी एक घोळ गाडी निवडतानाच होतो. ऑक्टाव्हिया निवडली, पण आरएस नाही. बीएमडब्ल्यू निवडली, पण एम स्पोर्ट सस्पेंशन नाही. आकडे वेगळे, मर्यादा वेगळ्या. मशीन हंटर, जॉन बीन, कोर्घी की पुदुच्चेरीची मॅनाटेक, हे नंतर विचारा. ऑपरेटर रंगाकडे पाहतो की आकड्यांकडे, हे आधी विचारा. आधीचा आणि नंतरचा असा दोन्ही आकड्यांचा छापील कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. कागद देत नाहीत तिथे गाडी रॅम्पवरच चढवू नका.

मग आकडे ठेवायचे तरी किती?

गाडीच्या आणि स्प्रिंग बनवणाऱ्याच्या कागदावर काही लिहिलं असेल तर ते पहिलं. नसेल तर रस्त्यासाठी इथून सुरुवात करा.

पुढून ओढणारी गाडी: पुढे कॅम्बर −१° ते −१°३०′, एकूण टो ०°००′ ते ०°०५′ टो-इन. मागे टो-इन एकूण ०°१०′ ते ०°२०′.

मागून ढकलणारी गाडी: पुढे कॅम्बर तेवढाच, एकूण टो-इन ०°०५′ ते ०°१०′. मागे कॅम्बर −१°३०′ च्या आसपास, टो-इन एकूण ०°१०′ ते ०°२०′.

पुढच्या टोत फरक अशासाठी की अॅक्सिलरेटर दाबल्यावर पुढची चालती चाकं स्वतःला पुढे ओढतात आणि बुश (आर्मच्या सांध्यातलं रबर) दबून थोडी आत वळतात. मागून ढकलणाऱ्या गाडीची पुढची चाकं मागे रेटली जातात आणि थोडी बाहेर फाकतात. उभ्या गाडीवरचा आकडा हे गृहीत धरून ठेवायचा असतो.

मागे टो-आउट कधीही ठेवू नका. ओल्या रस्त्यावर लेन बदलताना मागचा भाग कधी पुढे येईल याचा नेम राहत नाही. पुढे थोडा टो-आउट ठेवला तर गाडी वळणात चपळ वाटते हे खरं, पण एक्स्प्रेसवेवर ती सतत हातात चुळबुळत राहते. कोइम्बतूरच्या करी स्पीडवे या रेस ट्रॅकसाठी पुढे −२°३०′ ते −३° कॅम्बर लावणारे लोक आहेत आणि तिथे तो बरोबर आहे. तीच गाडी त्याच आकड्यांवर रोज घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये चालवायची असेल तर टायरचं दुकान जवळचं बघून ठेवा.

डाव्या-उजव्या कॅम्बरमधला फरक ०°२०′ च्या आत असावा. ०°३०′ च्या वर गेला तर कारण शोधायचं.

स्प्रिंग टाकल्या त्याच दिवशी अलाइनमेंट करू की थांबू?

दोन्ही. त्या दिवशी निदान टो सरळ करून घ्या, नाहीतर थांबण्याच्या काळातच टायर जाईल. नव्या स्प्रिंग सुरुवातीला काही मिलिमीटर बसतात. चारपाचशे किलोमीटर चालवल्यावर पूर्ण चार चाकांचं अलाइनमेंट करा. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक अॅब्सॉर्बर) असतील तर आधी उंची पक्की करा, चारही कोपऱ्यांची मोजा आणि लॉक रिंग आवळा. नंतर पाच मिलिमीटरनेही उंची बदललीत तर आधीचा कागद रद्दी समजा.

उंची जमिनीपासून मोजू नका, हवा कमी-जास्त असली की आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा.

बुशचे बोल्ट ढिले करून परत आवळायचे असतात म्हणतात. गरज आहे का?

आहे, आणि मुंबईत सर्रास टाळलं जाणारं काम हेच.

लोअर आर्मच्या आतल्या टोकाला रबरी बुश असतो. त्याची बाहेरची नळी आर्ममध्ये बसलेली, आतली नळी बोल्टने सबफ्रेमला दाबलेली, आणि मधलं रबर दोन्हींना चिकटलेलं. आर्म हलतो तेव्हा काही घसरत नाही, रबर पिळलं जातं. गाडी ज्या उंचीवर उभी राहणार त्या उंचीवर रबराला पीळ नसावा.

आता दुकानात काय होतं? गाडी टू-पोस्ट लिफ्टवर, चाकं खाली लोंबकळतायत, स्ट्रट बदलला, सगळे बोल्ट हवेतच इम्पॅक्ट गनने आवळले. गाडी खाली उतरली तेव्हा रबर आधीच पिळलेलं. ते गाडीला थोडं वर रेटून धरतं, म्हणून उंची दोन-चार मिलिमीटर जास्त दिसते. त्या उंचीवर तुम्ही अलाइनमेंट करता. काही महिन्यांत बुश हार मानतो किंवा फाटतो, गाडी खाली बसते, टो बदलतो. मग अलाइनमेंटवाल्याला शिव्या बसतात. त्याची काही चूक नसते.

योग्य पद्धत: चाकांवर उभी असलेली गाडी फोर-पोस्ट रॅम्पवर किंवा पिटवर घ्यायची, आर्मचे आतले बोल्ट आणि मागच्या बीमचे किंवा लिंकचे बुश-बोल्ट ढिले करायचे, गाडी दोन-चारदा दाबून बसू द्यायची आणि त्याच अवस्थेत टॉर्क पान्याने आवळायचे. पिट नसेल तर हबखाली जॅक लावून चाकाचा मध्य ते फेंडर हे अंतर उभ्या गाडीइतकं आणायचं आणि मग आवळायचं. काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवे टाका. बॉल जॉइंटच्या नटांना याची गरज नाही.

दुकानात गेल्यावर नेमकं काय काय होताना दिसलं पाहिजे?

चारही टायरमध्ये हवा दाराच्या कडेवरच्या स्टिकरप्रमाणे. डिकी रिकामी, पण सबवूफर कायम राहणार असेल तर तो राहू द्या. टाकी अर्धी असली तर बरं. मग बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि बेअरिंगमध्ये खेळ आहे का ते हाताने हलवून पाहायचं. खेळ असेल तर तिथेच थांबा. ढिल्या सांध्यावर बसवलेला आकडा पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकतो.

चाकांना टार्गेट (मशीनला कोन वाचता यावा म्हणून लावायच्या पाट्या) लावल्यावर गाडी थोडी मागे-पुढे ढकलून रनआउट काढायचा, नाहीतर रिमचा वाकडेपणा कोनात मोजला जातो. पुढच्या चाकांखालच्या टर्नटेबलच्या पिना काढलेल्या असाव्यात. गाडी दाबून हलवायची. ब्रेक पेडल अडकवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवून कॅस्टर मोजायचा. तो बदलता येत नसला तरी मोजायचा, कारण दोन बाजूंत मोठा फरक निघाला तर काहीतरी वाकलंय.

क्रम महत्त्वाचा. आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो. मागची चाकं ज्या दिशेला ढकलतात तीच गाडीची खरी सरळ रेषा, तिला थ्रस्ट लाइन म्हणतात, आणि पुढची चाकं तिच्याशी जुळवायची असतात. नंतर पुढे कॅम्बर, आणि टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलला की टो हलतो. स्टिअरिंग सरळ धरून लॉक करायचं. दोन्ही टाय रॉड फिरवायचे, एकच नाही. लॉकनट आवळताना टो कोनाची दोन-चार मिनिटं सरकतो, म्हणून आवळल्यानंतरचा आकडा पाहायचा.

‘चार चाकांचं’ सांगून फक्त पुढचा टो करणारी दुकानं आहेत. मागच्या आकड्यांचा रकाना कागदावर भरलेला आहे ना, एवढं पाहिलं तरी कळतं.

माझ्या गाडीला मागे टॉर्शन बीम आहे. तिथे काय करतात?

जवळजवळ काही नाही. पोलो आणि आय२० मध्ये मागची दोन चाकं एकाच बीमला जोडलेली असल्यामुळे गाडी खाली आली तरी मागचा कॅम्बर-टो फारसा बदलत नाही, आणि बदलायला बोल्टही नसतो. आकडे फारच चुकले तर स्टब अॅक्सल आणि बीम यांच्यात पातळ शिम (धातूच्या चकत्या) घालतात. पण आधी बीम वाकलाय का आणि सरळ बसलाय का ते तपासा. ऑक्टाव्हिया आरएस, मिनी आणि बीएमडब्ल्यूला मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला स्वतंत्र, अनेक दांडे) आहे. तिथे मागचा कॅम्बर लो केल्यावर चांगलाच वाढतो आणि आतली कड मागेच आधी जाते. खालचा बोल्ट फिरवून कॅम्बर मर्यादेत येत नसेल तर अॅडजस्टेबल मागचा आर्म लागतो, आणि इथे तो खर्च वाया जात नाही.

डावीकडे −०°५०′ आणि उजवीकडे −१°४०′ आलंय. दुकानदार म्हणतो हायड्रॉलिकने कॅम्बर काढून देतो. देऊ का?

नाही. साखळी आणि हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट किंवा नकल (चाकाचा हब धरणारा भाग) वाकवण्याचा हा उद्योग आहे. आकडा हिरवा येतो, आणि तुमच्या नव्या शॉक अॅब्सॉर्बरची दांडी वाकलेल्या नळीत घासत बसते.

आधी बेरीज करा. दोन्ही मिळून −२°३०′, म्हणजे सरासरी −१°१५′. सरासरी छान आहे, फक्त वाटणी चुकली. हे सबफ्रेम उजवीकडे सरकल्याचं लक्षण असू शकतं. स्ट्रट काढताना किंवा क्लच-गिअरबॉक्सच्या कामात सबफ्रेम उतरवली असेल तर तिच्या भोकांमधल्या जागेमुळे ती काही मिलिमीटर इकडे-तिकडे बसते. बोल्ट ढिले करून डावीकडे ढकलली की दोन्ही बाजू −१°१५′ च्या जवळ येतात. पैसे लागतात ते मजुरीचे आणि नव्या बोल्टचे.

खात्रीसाठी मशीनला एसएआय, म्हणजे स्टिअरिंग अक्षाचा आतला कल, मोजायला सांगा. कॅम्बर आणि एसएआयची बेरीज दोन्ही बाजूंना सारखी आली तर भाग सरळ आहेत, जागा सरकली आहे. बेरीज वेगळी आली तर नकल किंवा स्ट्रट वाकलाय आणि तो बदलायचाच. ही मोजणी बहुतेक मशीनमध्ये असते. ती मागणारं गिऱ्हाईक नसतं.

कॅम्बर बोल्ट की कॅम्बर प्लेट?

रस्त्यासाठी, दोन बाजूंतला थोडा फरक काढायला, चांगल्या कंपनीचे कॅम्बर बोल्ट पुरतात. ते मूळ बोल्टपेक्षा बारीक असतात, म्हणून ठरलेल्या टॉर्कनेच आवळा आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तपासा. ट्रॅकवर जाणार असाल तर प्लेट (स्ट्रटचं डोकं आत-बाहेर सरकवू देणारी) घ्या. प्लेटमधल्या धातूच्या बेअरिंगचा आवाज पहिल्या पावसाळ्यानंतर येऊ लागला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. स्ट्रटचं भोक कानशीने लांबट करणं हा तिसरा मार्ग नाही.

गाडी डावीकडे ओढते. अलाइनमेंट पुन्हा करू?

थांबा. आपण डावीकडून चालतो, आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्ता डाव्या कडेला उतरता असतो. किंचित डावीकडे जाणं साहजिक आहे. अटल सेतूसारख्या रुंद, सपाट रस्त्यावर वेगवेगळ्या लेनमध्ये पाहा. तिथेही ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदला (दिशादर्शक बाण असलेले टायर असतील तर फक्त चाचणीपुरतं, हळू). ओढ उलट बाजूला गेली तर दोष टायरचा. तशीच राहिली तर कॅम्बर किंवा कॅस्टरमधला फरक, नाहीतर अडकलेला ब्रेक कॅलिपर; थोडं चालवून दोन्ही रिम किती गरम आहेत ते ताडून पाहा, हात न लावता जवळ नेऊन.

गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वाकडं आहे, ही वेगळी तक्रार. ती टाय रॉडने सुटते. स्टिअरिंग व्हील काढून एक दात पुढे बसवणारा भेटला तर किल्ली परत मागा. रॅकचा मध्य आणि अँगल सेन्सर (स्टिअरिंग किती फिरलं ते मोजणारा) दोन्ही चुकतात.

शंभरच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं.

ते बॅलन्सिंग किंवा वाकलेलं रिम. अलाइनमेंटने जात नाही.

मुंबईत किती खाली जावं?

२५-३० मिलिमीटर. ४० च्या पुढे आम्ही कुणाला सुचवत नाही, आणि कारण फक्त गतिरोधक नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. असा असेल तर लो केलेली गाडीही निमूट जाते. सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या देखरेखीखाली ओतलेला सिमेंटचा उंचवटा ही दुसरी जात आहे.

खरं कारण भूमितीचं. लोअर आर्म आडव्याच्या पलीकडे गेला, म्हणजे बाहेरचं टोक आतल्यापेक्षा वर गेलं, की वळणात चाक दबताना कॅम्बर वाढायच्या ऐवजी कमी व्हायला लागतो. मॅकफर्सन गाडीत रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं, त्यामुळे गाडीला झुकवणारा दांडा लांब होतो. कडक स्प्रिंग आहेत म्हणून ते लपतं. म्हणजे फार खाली आणलेली गाडी फोटोत वेगवान दिसते आणि लोणावळ्याच्या वळणात मूळ गाडीपेक्षा वाईट पकडते. त्यात सस्पेंशनची चाल उरत नाही, बंप स्टॉप (चाल संपल्यावर अडवणारं रबर) लवकर लागतो, आणि वळणाच्या मध्यावर तो लागला की पकड एकदम सुटते.

बंप स्टिअरही, म्हणजे चाक वर-खाली होताना आपोआप वळणं, वाढतं. सी-लिंकच्या किंवा ईस्टर्न फ्रीवेच्या जोडांवर ते फारसं जाणवत नाही, कारण दोन्ही चाकं एकदम दबतात आणि दोन्हींचा टो सारखा बदलून एकमेकांना खोडतो. जाणवतं ते एका बाजूने: डांबराचा नवा थर टाकल्यावर खाली राहिलेलं मॅनहोलचं झाकण, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकमधली पायरी. एकच चाक दबतं आणि स्टिअरिंगला हिसका बसतो. अलाइनमेंट मशीनवर हे दिसत नाही, कारण ते एकाच उंचीवर मोजतं. उपाय टाय रॉडचा बाहेरचा सांधा खाली घेणाऱ्या किटचा, किंवा दहा मिलिमीटर वर येण्याचा. दुसरा स्वस्त आहे.

स्प्रिंग कापून घेतली तर?

कापलेली स्प्रिंग आपल्या वाटीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळलं की निसटू शकते. तिच्यावर अलाइनमेंट करण्यात अर्थ नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या मूळ स्प्रिंग शोधल्या तर मिळतील. त्या आधी टाका.

अलाइनमेंटनंतर डॅशबोर्डवर ईएससीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला.

स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य बदललाय. काही गाड्यांत स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून थोडं सरळ चालवलं की दिवा जातो, बाकीच्यांना स्कॅनर लावून शून्य ठरवावा लागतो. आपोआप वर-खाली होणारे हेडलॅम्प असतील तर उंचीचे सेन्सरही नव्याने शिकवा, नाहीतर गाडीला वाटतं डिकीत वजन आहे की नाक खाली आहे, आणि प्रकाश चुकीच्या जागी पडतो. साधे हेडलॅम्प भिंतीवर पाहून स्क्रूने लावा. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीत, म्हणजे लेन पाळणाऱ्या आणि स्वतः ब्रेक मारणाऱ्या, उंची किंवा मागचा टो बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घ्या. हे टायरच्या दुकानात होत नाही, कंपनीच्या वर्कशॉपला विचारा.

घरी दोरी लावून टो मोजता येतो का?

येतो, चांगला येतो. चार स्टँडवर दोन दोऱ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर ताणायच्या आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजायचं. १७ इंची रिमवर १०′ म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटरचा फरक, त्यामुळे स्टीलची पट्टी आणि धीर दोन्ही लागतात. पुढच्या-मागच्या ट्रॅकची रुंदी वेगळी असते, ते धरूनच दोरी समांतर करा. पोडियम पार्किंगची जमीन पाणी जाण्यासाठी उतरती असते. टोला त्याचा त्रास कमी, कॅम्बर मात्र तिथे मोजू नका.

पुन्हा कधी करायचं?

पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात, नक्की. जूनमध्ये करून चार महिने खड्ड्यांत घालवण्यापेक्षा मे महिन्यात टायरची आतली कड आणि हवा पाहा आणि पूर्ण काम नंतर करा. मधे एखादा जोरदार खड्डा बसला आणि स्टिअरिंगची जागा बदलल्यासारखी वाटली तर मात्र वाट पाहू नका.

आरटीओ आणि विम्याचं काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. गाडीची उंची त्या प्रमाणपत्रावर नसते, पण म्हणून पोलीस किंवा विम्याचा सर्व्हेअर गप्प बसेल असं समजू नका. विमा कंपनीला स्प्रिंग बदलल्याचं लेखी कळवा, बिलं आणि अलाइनमेंटचे कागद एकत्र ठेवा, मूळ स्प्रिंग माळ्यावर टाका. गाडी विकताना त्या लागतात.

आतून झिजलेले पुढचे टायर मागे टाकून वापरू का?

नको. झिजलेल्या कडेची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खुणेला टेकली असेल तर तो टायर संपला, बाकीची रुंदी कितीही नवी दिसली तरी. आणि मागे घातलेला असा टायर पावसात साचलेल्या पाण्यावर पुढच्या आधी तरंगतो, म्हणजे गाडी मागून फिरते. खुणेच्या वर असेल, पण टोमुळे खरखरीत झाला असेल, तर तो अलाइनमेंटनंतरही काही काळ बेअरिंग गेल्यासारखा घूं-घूं आवाज करत राहील. त्या आवाजावरून अलाइनमेंट चुकलं असं ठरवून परत दुकानात भांडायला जाऊ नका. हजारेक किलोमीटर चालवा, तळहात पुन्हा फिरवा. खरखर कमी होत असेल तर आकडे बरोबर आहेत.